शून्य सरांचा फळा

आखातातल्या सलमाबादच्या त्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी फळ्यावर एकच ओळ लिहिली जायची: ‘आज पडलेले: शून्य.’ लाल मार्करने, आणि शून्याच्या पोटात छोटासा हसरा चेहरा. लिहून झाले की सर दोन पावले मागे जाऊन फळ्याकडे असे बघायचे, जणू जगातली सगळी माणसे त्यांच्याच कृपेने उभी आहेत. आम्ही त्यांना पाठीमागे शून्य सर म्हणायचो. वयाने मोठ्या माणसाबद्दल असे लिहावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण खोटे कशाला लिहू? मला त्यांचा तिटकारा यायचा.

हॉल म्हणजे एक जुने गोदाम. आत बर्फ नव्हता. एक रुंद, उतरता पट्टा होता, त्यावर ओला ठेवलेला गालिचा. पट्टा खालून वर सरकायचा आणि पायांत स्की बांधून त्यावर उभा राहिलेला माणूस जागच्या जागीच डोंगर उतरायचा. समोर आडवी लोखंडी दांडी, नवख्यांना धरायला. ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला बर्फावर जाणारी मंडळी आधी इथे शिकायला यायची. मी तिथे इंटर्न होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा एसी दुरुस्त करतात. इंटर्नशिप पूर्ण केल्याच्या पत्रावर सरांची सही झाली तर माझे वर्ष पुरे होणार होते, नाहीतर नाही.

सर मूळचे पुण्याचे. वीसेक वर्षे इथल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. ‘आज अपघात: शून्य’ असे फळे त्यांनी आयुष्यभर लिहिले. निवृत्त झाल्यावर लोक कारखाना मागे सोडून येतात. सर फळा घेऊन आले. सुट्ट्यांमध्ये ते स्की शिकले होते, चांगले शिकले असतील, मी कधी पाहिले नाही. मी पाहिले ते खुर्चीत बसलेले सर, एका हातात करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, आणि दुसऱ्यात पट्ट्याचा रिमोट.

त्यांची पद्धत साधी होती. कोणी जरा डगमगले की रिमोट दाबून पट्टा बंद. “यल्ला, दांडी धरा! इथे पडणं मफी!” यल्ला म्हणजे चला, मफी म्हणजे नाही; एवढी अरबी सरांना पुरायची. माणूस सावरला की पट्टा पुन्हा चालू. मी होते तेवढ्या महिन्यांत एकालाही दांडी सोडायची परवानगी मिळाली नाही. बस थांब्यावर उभी राहावीत तशी माणसे दांडी धरून उभी राहायची. घाम पुसत म्हणायची, “सर, आता जमतंय.” सर म्हणायचे, “जमणारच. शिकवतंय कोण?”

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बूट ते स्वतः बांधायचे. साठीचा माणूस गुडघ्यांवर बसून प्रत्येकाला विचारायचा, “बोटं हलतात का? टाच उचलते का?” बुटाची कडी किती आवळायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या दोन मिनिटांत ते चांगले शिक्षक असायचे. मग उठून खुर्चीत बसायचे.

माहूज भागात राहणाऱ्या मृणाल मॅडम माझ्या वाट्याला आल्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वय पंचेचाळीस, कधी सायकलवरही न बसलेल्या. लेकीसोबत जॉर्जियाला जायचे म्हणून शिकायला आल्या होत्या. मी घरी स्की शिकवायची पुस्तिका वाचली होती. तिच्यात पहिल्याच धड्यात पडायला शिकवले होते: हात छातीशी घ्यायचे, तोल गेला की कुशीवर बसल्यासारखे कलंडायचे, हात टेकायचा नाही. सकाळी हॉल रिकामा असताना मी तसे पंधरा-वीस वेळा पडून पाहिले होते. धीर करून सरांना विचारले, “सर, मॅडमना एकदा पडायला शिकवू का?”

“इंटर्न,” सर म्हणाले. माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही. “तुझ्या वडिलांना एसी लावायच्या आधी शिडीवरून पडायला शिकवलं होतं का कोणी?”

बाबा एकदा शिडीवरून पडले होते. दोन महिने घरी होते. त्या साइटच्या फळ्यावर त्या दिवशीही शून्यच होते. हे सगळे माझ्या ओठांवर आले होते. मी म्हणाले, “नाही सर.”

शेवटच्या शुक्रवारी सर चहा आणायला बाहेर गेले. रिमोट टेबलावर होता. मॅडम दांडीला धरून हळूच म्हणाल्या, “सुजाता, हिटलर गेलाय बघ. सोडू का गं हात? एकदाच. पडले तर पडले.”

टेबलाच्या खणात माझे पत्र होते, सहीविना. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ते कॉलेजात द्यायचे होते.

“नको मॅडम,” मी म्हणाले. “सर रागावतील.”

संध्याकाळी सरांनी फळ्यावर शून्य लिहिले आणि त्याच हाताने पत्रावर सही केली.

जॉर्जियात पहिल्याच दिवशी, सपाट म्हणावे अशा उतारावर मॅडमचा तोल गेला. त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडले. मी सरांना सांगितले तेव्हा ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. “आपल्याकडे पडल्या नाहीत ना?” म्हणाले. “मग खलास.” त्यानंतर मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवले नाही. सर अजून तिथेच आहेत असे ऐकते.

मी मॅडमच्या घरी गेले. त्यांनी डाव्या हाताने चहा ओतला, थोडा बशीत सांडला. “सर काय म्हणाले?” त्यांनी विचारले. मी सांगितले. त्या मोठ्याने हसल्या. “मूर्ख माणूस आहे गं. तू नको वाईट वाटून घेऊस.”

तिथेच उठून निघता आले असते. सरांना मूर्ख ठरवून मला घरी जाता आले असते. पण सरांना दांडी धरून शिकवणे खरोखरच योग्य वाटत होते. मला वाटत नव्हते.

“मॅडम, पडायचं कसं ते मला येत होतं,” मी म्हणाले. “त्या शुक्रवारी शिकवता आलं असतं. मला सही हवी होती.”

मॅडम हसायच्या थांबल्या. प्लास्टरवर लेकीने काढलेल्या फुलावरून त्यांनी बोट फिरवले. मी चहाला हात लावला नाही.

“सही झाली?” त्यांनी विचारले.

“झाली.”

“मग आता कुणाला घाबरायचं राहिलं नाही,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. “प्लास्टर निघालं की फोन करेन. गादी अंथरू, आणि मला पाडायला ये.”