हरलेल्याची वाटी

हरलेल्या माणसाला माझ्या साडभाऊंनी वर्धा जिल्ह्यात जेवढा मान मिळवून दिला, तेवढा जिंकलेल्यांनाही कधी मिळाला नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगणघाटच्या केबलवर बायकांच्या खेळाचा कार्यक्रम लागायचा, तो ते गावोगाव जाऊन घ्यायचे. भर मे महिन्यातही अंगात मोरपंखी कोट. जिंकणारीला साडी मिळे. पण हरणारीला ते तिथंच मंचावर, नाव घालायच्या मशीननं कर्र कर्र करत, तिचं नाव कोरून स्टीलची वाटी देत. "हारलेल्या माणसाले खाली हातानं घरी जाऊ देत नाई आपुन!" परिणाम असा झाला, की आंजीपासून रोहण्यापर्यंत बायका मुद्दाम हरायला बघू लागल्या. "साडी फाटते बाप्पा, वाटी सुनेपर्यंत जाते," हा त्यांचा हिशेब.

पण हरणं सोपं नव्हतं. साडभाऊ कोणाची वेळ संपूच देत नसत. दहा, नऊ, आठ करत त्यांची मोजणी चौखूर निघे आणि तीनवर आली की बसकण मारी. मग ते चष्मा पुसत, पाणी पीत, बाईच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करत. अल्लीपूरच्या एका वहिनींना त्यांनी विचारलं, "आर्वी कोन्त्या जिल्ह्यात?" तीनवर बराच मुक्काम झाल्यावर त्या म्हणाल्या, "माह्या माहेरच्या." "बरोबर उत्तर!" कोणी कुरकुरलं, तर साडभाऊ एक बोट वर करत. निकाल पक्का.

घरीसुद्धा पर्याय दिल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. कोणाच्या सांत्वनाला गेले तरी, "पहिले रडून घेता, का चहा घेता?" आणि गंमत म्हणजे लोक खरंच चहा घेत. मला मात्र त्यांनी एका प्रश्नात हरवलं. "साडभाऊ, तुमच्या बायकोची आवडती भाजी?" मी छातीठोकपणे सांगितलं, वांग्याची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या दिवशी कळलं, की ती वांगं तोंडात घालत नाही, माझ्यासाठी रांधते. साडभाऊंनी मशीन सुरू केलं.

कॅमेऱ्याकडे पाठ करून ते गालातला खर्रा थुंकत. सुपारी-तंबाखू घोटलेली ती पुडी आणून द्यायचं काम माझं. "यानं आवाज खुलते," म्हणत, आणि मी मान डोलावत असे. प्रश्न विचारण्याचा धंदा त्यांचा. मी एकदाही 'काऊन खाता?' म्हणून विचारलं नाही.

मागच्या दिवाळीआधी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अल्लीपूरच्या बायकांचा फोन आला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खेळ घेणार ना? साडभाऊ म्हणाले, "येतो न माय. आवाज घेऊन येतो. आवाज नाई आला, तं मी हारलो." डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईलही, न येईलही. पर्याय दोनच.

ऑपरेशननंतर रोज सकाळी ते आरशासमोर उभे राहून तोंड उघडत. नुसती हवा यायची. ते आपल्याला ऐकू गेलं असं त्यांना वाटू नये, म्हणून त्यांची बायको, आमच्या ताई, स्वयंपाकघरात भांडी आपटत.

संक्रांत आली, आवाज आला नाही. तरी त्यांनी कोट चढवला. तो आता खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. अल्लीपूरच्या मांडवात माईक माझ्या हातात आला. चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना अडखळणारा मी! पहिल्याच बाईला प्रश्न विचारला, मोजायला लागलो आणि घाबरून दहापासून थेट शून्यावर येऊन धडकलो. बाई रडवेली झाली. पुढून एक म्हातारी कडाडली, "ओ बुवा, तीनवर थांबा न! माणसाले कोणी असं मोजते का?"

साडभाऊ उठले. माझ्या हातातला माईक त्यांनी खाली ठेवला आणि तीन बोटं वर धरली. तशीच धरून ठेवली. पाणी प्यायले, चष्मा पुसला. बाईला उत्तर आठवलं. त्यानंतर दर वेळी सगळा मांडवच मोठ्यानं मोजू लागला, दहा, नऊ, आठ, आणि तीनवर आपणहून थांबू लागला. साडभाऊ नुसते बघत उभे होते.

खेळ संपला तेव्हा पोत्यात एक वाटी उरली होती. त्यांनी मशीन सुरू केलं. मला वाटलं, ही पण माझीच. अक्षरं वाकडी येत होती, पण नाव त्यांचं होतं.

"भाऊ, तुम्ही कुठं हारले?" मी म्हटलं.

त्यांनी गळ्याला हात लावला आणि एक बोट वर केलं. निकाल पक्का.

होळीच्या आधी ते गेले. तीनवर थांबणं आम्हाला कोणालाच जमलं नाही.

ती वाटी ताईंनी माझ्याकडे दिली. मांडणीत ती माझ्या वाटीत अगदी बरोबर बसते. पानावर बसलो, की बायको विचारते, "तुमची देऊ, का भाऊजीची?" एवढं सोपं उत्तर मला अजून सुचत नाही. वरणाची पळी हातात धरून ती तशीच थांबते.