उताराखालची सुकट

लालबागला आमच्या सोसायटीच्या गेटापासून रस्त्यापर्यंत उतार आहे. त्याच्या तळाशी एक मालवणी बाई सुकट विकायला बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. गोणपाट अंथरून वाटे लावायची, आणि गिऱ्हाईक नसलं की सुकटीतला कचरा एकेक करून वेचत राहायची.

यंदा कमिटीने त्या उतारावर कुंड्या मांडल्या आणि आपोआप पाणी देणारी नळी जोडली. टायमर बंद झाला तरी नळीत उरलेलं सगळं पाणी शेवटच्या कुंडीतून ओघळून थेट तिच्या गोणपाटाखाली जायचं. भिजलेली सुकट कोण घेणार? मी सेक्रेटरींशी भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, उतार आहे, पाणी खालीच जाणार. तिला सांगा, दुसरीकडे बस." असं डोकं फिरलं माझं!

एका सकाळी माल पुन्हा भिजला. ती तो टोपलीत भरून तरातरा वर आली आणि गेटात उभ्या असलेल्या सेक्रेटरींना म्हणाली, "पाणी खाली येतला, ता माका म्हायत आसा. खाली माणूस बसता, ता तुमका म्हायत नाय?"

ते मोबाईलमध्ये बघत राहिले. मग तिने ती ओली सुकट मूठमूठ करून प्रत्येक कुंडीत टाकली. "खत आसा," म्हणाली आणि पदर खोचून खाली गेली.

ऊन चढलं तसा वास लिफ्टमध्ये शिरला, मग घराघरांत. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून माझ्या दारात आले. म्हटलं, "सांगा की आता त्या वासाला, दुसरीकडे बस म्हणून!"