साहेबांच्या फोटोला हार

आता काय सांगू तुम्हाला… चहा घेता घेताच ऐका, म्हणजे तोंड लपवायला माझ्याकडे निदान कप असेल.

घोडपदेवची आमची चाळ. बिल्डरने आम्हाला बाहेर काढायला दावा लावलेला, आणि आमच्या बाजूने उभा राहायला एक वकील तयार नव्हता. मी चाळीचा सेक्रेटरी. कशीबशी एका मोठ्या माणसाची ओळख काढली. तरुणपणी युद्धात विमान उडवलं, मग वकिली, मग आमदारकी. आता ऐंशीला टेकलेत, पण आवाज अजून कडक. म्हणाले, "रविवारी येतो. लोकांना भेटतो, मग केसचं ठरवतो."

म्हणजे सगळी भिस्त त्या रविवारावर. मी म्हटलं, सत्कार दणक्यात करू. त्यांचा विमानाशेजारचा जुना फोटो मोठा करून आणला आणि अंगणात टेबलावर ठेवला. फोटो बोडका दिसत होता, म्हणून चंदनाचा हार घातला. पुढ्यात समई लावली. काय शोभा आली म्हणता! मग मी शाल-श्रीफळ आणायला गेलो.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

परत येतो तर अख्खी चाळ माना खाली घालून उभी. बायका पांढऱ्या साड्यांत. मला वाटलं, शहीद जवानांसाठी मौन असेल, कुणाला तरी छान सुचलं. मीही नारळ काखेत धरून उभा राहिलो.

तेवढ्यात साहेब आले. फौजी माणूस, मौन दिसल्यावर दारातच सावधान झाले. सगळं संपल्यावर शेजारच्या बबनकाकांना त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

काका डोळे पुसत म्हणाले, "आमचे वकीलसायब. बरो माणूस होतो. आता आमची केस कोण लढतलो?"

साहेबांनी फोटोकडे पाहिलं. मग हाराकडे. मग नारळासकट माझ्याकडे.

"शत्रूला जमलं नाही, विरोधी पक्षाला जमलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही एका हारात उरकलंत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. केस गेली, चाळ गेली, आणि सेक्रेटरीपद तर गेलंच.

पण केस घेतली हो त्यांनी. फी नको म्हणाले, जाताना तो हार नेला आणि माझा एक फोटो मागितला. मी आपला हुरळून गेलो.

काल भोईवाड्याला त्यांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर मी, गळ्यात तोच चंदनाचा हार. बाकावरच्या आजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाकाच्या टोकाला सरकत हात जोडले.

साहेब आतून म्हणाले, "घाबरू नका आजी. ते येतात अधूनमधून."