तळेघरचं तिकीट

एस.टी.तून उतरण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, आपण गाडी थांबवून उतरायचं. दुसरी, कोणीतरी थांबवली की त्याच्या पाठोपाठ गुपचूप उतरायचं. कॉलेजातल्या पहिल्या दिवाळीपर्यंत मी कायम दुसऱ्या तऱ्हेने उतरत आले होते आणि त्यात काही बिघडतंय असं मला कधी वाटलंही नव्हतं.

हल्ली पुण्यात माझं कामच दिवसभर अनोळखी माणसांशी फोनवर बोलायचं आहे. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणते, तुझी टकळी बंद तरी कधी होते गं? मी हसून वेळ मारून नेते. कुठून सुरुवात करून सांगू तिला!

आमची वाडी घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, तळेघरच्या अलीकडे. फाट्यावर ना पाटी, ना शेड. एक जांभळाचं झाड तेवढं उभं. एस.टी.च्या लेखी तो थांबाच नव्हता. त्यामुळे तिकीट पुढच्या टप्प्याचं, म्हणजे तळेघरचं मिळायचं, आणि ज्याला मध्येच उतरायचं असेल त्याने झाड दिसायच्या आधी ओरडायचं, "मास्तर, जांभळीपाशी घ्या!" मग कंडक्टर घंटी मारायचा आणि ड्रायव्हर कुरकुरत ब्रेक दाबायचा. वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा बिनधास्त ओरडायची. माझं मात्र गाडीतली सगळी डोकी आपल्याकडे वळणार या नुसत्या विचारानेच तोंड उघडायचं नाही.

अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा वाडीत माझं कोण कौतुक झालं. तिथे गेल्यावर माझं नाव 'भीमाशंकर' पडलं. त्यात दुष्टावा काही नव्हता, मुली सगळ्यांनाच नावं ठेवायच्या. पण जिने तिने उलटून दुसरीला नाव ठेवलं आणि गट्टी जमवली. मी खाली मान घालून हसले आणि बाजूला पडले ती पडलेच. होस्टेलच्या मेसमध्ये मावशी "आणखी चपाती?" म्हणून विचारायच्या आणि माझी मान आपोआप 'नको' अशी हलायची. भूक असायची हो! वाढणाऱ्या बाईला 'हो' म्हणायचं धाडस नसलेली मी इंजिनिअर व्हायला निघाले होते. संध्याकाळी मुली गच्चीवर जायच्या. खोलीत मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची, मोडून परत घालायची. कोणी वर बोलवायला येईल असं बरेच दिवस वाटत राहिलं.

दर शनिवारी मी घरी पळायची. मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून तळेघरची गाडी. त्या गाडीला वाडीतले एक काका असायचे, घोडेगावला सरकारी कचेरीत शिपाई. झाड यायच्या दोन वळणं आधीच त्यांची आरोळी उठायची आणि मी त्यांच्या मागे उतरायची. वर त्यांच्याकडून माझंच कौतुक, "पोरगी एवढी शिकती पण मोठ्यांपुढं तोंड उघडत न्हाई." दिवाळीच्या आधी काका निवृत्त झाले.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी काका नव्हते आणि वाडीतलं दुसरंही कोणी नव्हतं. मी आपली वाट बघत बसले, की कोणालातरी उतरायचं असेलच. जांभूळ आलं, खिडकीतून मागे गेलं. तळेघरला उतरले आणि आल्या रस्त्याने परत चालत निघाले. उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भातखाचरं, माणूस नाही की काणूस. घरी पोहोचेपर्यंत दिवस बुडाला होता.

आई चुलीपाशी होती. वडील टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला हमालीला असायचे, त्यामुळे घरात ती एकटीच. "येवढा उशीर?" तिने विचारलं.

"गाडीत कॉलेजची मैत्रीण होती. तळेघरपर्यंत गेले तिच्याबरोबर. बोलत बसलो."

कुठून सुचलं कोण जाणे. आईचा चेहरा असा काही फुलला, की शब्द मागे घ्यायची सोयच राहिली नाही. "झाली का मैत्रीण? बरं झालं बाई. मला घोर लागला व्हता." कुठली, कोणाची, हे तिने विचारलंच नाही. मैत्रीण झाली यातच ती खूश होती. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात नाचणीच्या भाकरी जास्त होत्या आणि वर खोबऱ्याच्या चटणीची वेगळी पुडी. "तिला दे. तिकडच्या पोरींना कुठं मिळती नाचणी!" होस्टेलवर मी मैत्रिणीच्या वाटणीच्या भाकरीही खाल्ल्या, दाराला कडी लावून.

हे असंच सुरू राहिलं. शनिवारी गाडी फाटा सोडून पुढे जायची, मी तळेघरहून चालत यायची आणि मैत्रिणीची खुशाली सांगायची. खोटं बोलायला मात्र मला लाज वाटत नव्हती.

मग वाटेवर बिबट्या दिसल्याची आवई उठली. त्या शनिवारी वळण घेऊन गाडी सरळ झाली आणि झाडाखाली आई दिसली. आज मी इथेच उतरेन असं धरून मला न्यायला कापणीवरून तशीच आली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याच्या फडक्याला भाताची कुसं चिकटलेली, हातात काठी. तिने मला खिडकीत पाहिलं आणि काठीचा हात वर केला. माझे ओठ हलले. आवाज फुटला नाही. आमची नजरानजर झाली आणि गाडी तिच्या अंगावर धूळ उडवून निघून गेली.

तळेघरहून मी जवळजवळ पळतच परत आले. ती तिथेच उभी होती. मला बघताच वळून पुढे चालू लागली. घर दिसायला लागलं तेव्हा मागे न बघता म्हणाली, "मैत्रीण व्हती गाडीत?"

मी तिच्या टाचांकडे बघत चालत राहिले.

"तिच्यापुढं माझी लाज वाटली व्हय तुला? तसं सांगायचं. मी झाडाआड थांबले असते."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मला ओरडून सांगायचं होतं, की असं नाही, मला फक्त गाडी थांबवता येत नाही. पण हे सांगितलं तर मग ती मैत्रीण कोण? मी काहीच बोलले नाही, आणि माझ्या गप्प बसण्याचा तिने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. जेवताना तिने मला मासळीचं कालवण जास्त वाढलं, पाहुण्याला वाढावं तसं.

तो आठवडा माझा वर्गात धड गेला नाही. पुढच्या शनिवारी सगळ्या गाडीदेखत ओरडून तिच्यासमोर उतरायचं, एवढंच डोक्यात होतं. बाथरूममध्ये बादलीत नळ सोडून मी सराव केला. "मास्तर, जांभळीपाशी." बाहेरून एकीने दार वाजवलं, "भीमाशंकर, आत कोणाशी बोलतेस?" मी नळ आणखी मोठा केला.

शनिवारी गाडी खचाखच भरलेली. मी आधीच दाराजवळ जाऊन दांडीला धरून उभी. ओळखीचं वळण आलं, मी डोळे मिटले आणि ओरडले. आणि असा आवाज निघाला म्हणता! म्हशी पलीकडच्या डोंगराला गेल्या की आम्ही अलीकडून हाळी देतो, तोच. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला, उभी माणसं एकमेकांवर आदळली. मागून एक बाबा म्हणाले, "ए पोरी, गाडी हाय ती, म्हस न्हाई!" सगळी गाडी खो खो हसली. ज्याला मी जन्मभर घाबरत होते ते हेच होतं, आणि ते झालं तरी मी धडधाकट उतरले.

झाडाखाली कोणी नव्हतं.

गाडी गेल्यावर मी तिथे उगाच थांबले. आडोशाला कोणी आहे का, झाडामागेही पाहिलं. ती आली नव्हती. मला लाज वाटू नये म्हणून आली नव्हती, हे कळायला वेळ लागला नाही. एवढं मोठं ओरडले आणि जिने ऐकायला हवं होतं तिनेच ऐकलं नाही. पायवाटेने उतरताना मला रडूही येईना.

आई अंगणात भात वाळत घालत होती. मला उजेडात आलेली बघून चमकली. "आज लवकर?"

"फाट्यावर उतरले."

"कोणी थांबवली गाडी?"

"मीच."

एकदा तोंड उघडलंच होतं, मग मी सगळंच सांगून टाकलं. गाडी थांबवता येत नव्हती म्हणून दर शनिवारी पुढे जात होते, तुझी लाज कधीच वाटली नाही, आणि मैत्रीण वगैरे कोणी नाही.

वाटलं होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्याजवळ आली.

"म्हंजी तितं तुला कुणीच न्हाई?"

"न्हाई."

लेकीला आपली लाज वाटते असं समजून चालली होती त्या संध्याकाळी आईच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. आता मात्र ती तिथेच भाताशेजारी मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.