परवा काढलेला शॉकअप

माझा चुलतभाऊ गेल्या महिन्यात वारला. त्या दिवशी माझ्या मोटरसायकलचा पुढचा शॉकअप त्याच्या नारायणगुड्याच्या घरात, कॉटखाली होता.

धडधाकट वस्तू बिघडवायला दादाइतका लायक माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडला नसता. त्याने दुरुस्त केलेला पंखा वारा छताकडे फेकायचा. उघडलेल्या घड्याळाचे उरलेले स्क्रू तो "कंपनीने जास्तीचे घातलेत" म्हणत डबीत टाकायचा. एकटाच राहायचा, त्यामुळे अडवणारंही कोणी नव्हतं. मेकॅनिक लोकांविषयी त्याचं एकच मत, "सब हौले हैं रे!" हौला, म्हणजे खुळा, नेमका कोण ते गल्लीला ठाऊक होतं.

शॉकअपमधून ऑइल गळत होतं, एवढंच. मेकॅनिकचं तासाभराचं काम. "नक्को, घरीच काढू," म्हणत दादाने चाक काढलं, मडगार्ड काढलं, क्लॅम्पचे बोल्ट सैल केले आणि शॉकअपला अक्षरशः लोंबकळला. गाडी नाकावर येऊ लागली तेव्हा इंजिनखाली आधार हवा हे त्याला सुचलं. दोन विटा सरकवल्या. उंची कमी पडली म्हणून त्यावर माझ्याकडून नेलेल्या शब्दकोशाचे दोन खंड.

"दादा, शब्दकोश आहे तो!"

"मग? जाड आहे की."

शॉकअप निघाला, परत बसला मात्र नाही. आमच्या इथल्या मराठीत 'परवा'ला दखनीतल्या 'परसों'ची लागण झाली आहे. गेलेला कुठलाही दिवस त्यात मावतो. आठ महिने मी गौलीगुड्याहून सिकंदराबादला शिकवायला बसने गेलो, आणि दर रविवारी दादाकडे जाऊन भांडलो.

"गाडी कधी देतोस?"

"अरे, परवाच तर काढलाय. चहा घे."

"मी मेकॅनिकला आणतो."

"आण. मग इथे पाऊल टाकू नकोस."

मी मेकॅनिकला आणलं नाही. दादाला घाबरून नव्हे, असं स्वतःला सांगत राहिलो. शेवटच्या रविवारी त्याला धाप लागत होती, तरी खिडकीशी बसून तो गळती थांबवणारं नवं ऑइल सील उलटसुलट करून पाहत होता.

"हे बसलं की तुझं येणं बंद," तो म्हणाला.

"सुटलो म्हणेन," मी म्हटलं.

तेराव्यानंतर मेकॅनिक आला आणि पाऊण तासात शॉकअप बसवून गेला. गाडी आता नीट चालते. रविवारी मी घरीच असतो.