हिंगणी ते बोर धरण: पुढे मी, मागे भाऊजींची मोटारसायकल

नऊ आठवडे मोबाइलमधली एक बाई मला काय करायचं ते सांगत होती. ती "आता धावा" म्हणाली की मी धावायचे, "आता चाला" म्हणाली की चालायचे. नवख्यांसाठीचा कार्यक्रम होता, शेवटी सलग पाच किलोमीटर धावायचं. ते झालं त्या दिवशी तिने अभिनंदन केलं, पडद्यावर रंगीत कागद उडवले आणि ती गप्प झाली. मी आमच्या कापडाच्या दुकानात पेढे वाटले. त्यानंतर महिनाभर एक पाऊल धावले नाही.

बूट नालवाडीच्या घरात दाराशीच पडून होते. आमचे हे दुकानात जाताना ते ओलांडायचे आणि रोज विचारायचे, "बुटाइले काही निरोप द्याचा हाय का?" मी हसायचे, पण मनातून वाईट वाटायचं. चव्वेचाळीस वर्षांची झाले, आजवर बहुतेक गोष्टी कोणीतरी सांगितलं म्हणून केल्या. पळणं तरी माझं स्वतःचं असेल असं वाटलं होतं, तर तेही त्या मोबाइलमधल्या बाईचंच निघालं. ती नसताना मी पळते की नाही, हे मला एकदा बघायचं होतं.

म्हणून हिंगणी. माझी नणंद वनिता तिथे दिलेली आहे आणि तिच्या घरापासून बोर धरण साधारण पाच किलोमीटर. इतकं सोयीचं अंतर सापडल्यावर मी लगेच चार जणांना सांगून टाकलं, म्हणजे माघार घ्यायला तोंड उरू नये. मोबाइल पिशवीत राहील आणि सांगणारं कोणी सोबत नसेल, एवढाच नियम केला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: वर्ध्याहून सेलूपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. सेलूला उतरून आधी तर्री-पोहे खा आणि तर्री बेताने घ्या, हे मी न पाळलेल्या अनुभवावरून सांगते. पुढे हिंगणीला ऑटो मिळतो. तो भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरला की नाही ते फक्त चालकाला कळतं. मी अर्धी आत, अर्धी बाहेर होते आणि मांडीवर एका अनोळखी बाईची सांभाराची जुडी, म्हणजे आपली कोथिंबीर. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना तूर आणि फुटलेला कापूस. उतरेपर्यंत माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या.

संध्याकाळी जेवताना वनिताच्या नवऱ्याला, प्रभाकरभाऊजींना, माझा बेत कळला. त्यांचा घास हातातच राहिला.

"वहिनी, जंगलाचा रस्ता हाय तो. वाघ दिसला त पयाचं नाई, उभं राह्याचं, हे लेकराइले बी मालूम हाय. अन् तुमी त पयालेच चालल्या!"

म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातून मी नेमका तोच रस्ता निवडला होता, जिथे पळू नये असं शाळेतली पोरंही सांगतील. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की ऊन चांगलं वर आल्याशिवाय निघायचं नाही आणि भाऊजी मोटारसायकलवर मागे राहतील. (तुम्हीही जाल तर गावात विचारून जा, एकटे जाऊ नका.) सोबत कोणी नको हा माझा नियम पाटोडीच्या रश्शाच्या दुसऱ्या वाटीबरोबर संपला.

रविवारी निघालो. पुढे मी, मागे पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत भाऊजी. दोनशे पावलंही झाली नसतील.

"बसता का, वहिनी?"

"नाई, भाऊजी."

पुढच्या वळणावर पुन्हा, "तोंड लाल झालं जी तुमचं. बसता का?"

"नाई!"

पारावरचे एक म्हातारबा उठून उभे राहिले. "काऊन पयून राह्यली वं? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं, बाबाजी!"

"मंग गाडी सुटली का?"

गाव मागे पडलं. कापूस वेचणाऱ्या बाया ओटी धरून उभ्या राहिल्या आणि आधी माझ्याकडे, मग भाऊजींकडे बघू लागल्या. भाऊजींकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

निम्म्या वाटेवर छातीत भाता सुरू झाला. आता मागे वळले तर बसणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून वळलेच नाही. थांबावंसं वाटलं की मोठ्याने म्हणायचे, "नाई, भाऊजी." कालव्याच्या पुढे तर त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणत होते. कानात माझ्याच श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं, पिंडऱ्या दुखत होत्या, बुटात खडा होता आणि मी त्या माणसाला नकार देत देत पळत होते. मग झाडांतून धरणाची भिंत दिसली. टपरीपाशी जाऊन थांबले आणि विजयाने मागे वळले.

रस्ता रिकामा होता.

भाऊजी आले तेव्हा माझा चहा संपला होता. त्यांच्या मागे गाडीवर एक म्हातारी बसली होती, हातात विळा. तिने त्यांना कालव्यावरच अडवलं होतं. पुढे रडवेली बाई पळतेय आणि मागे गडी "बसता का" म्हणून विनवतोय, याचा तिने जो अर्थ लावला तोच कपाशीतल्या बायांनी लावला होता.

"साळ्याची बायको हाय म्हटलं," भाऊजी कसंनुसं म्हणाले, "त बुढी अजूनच भडकली."

म्हातारी उतरून माझ्याजवळ आली. "बाई, खरं सांग. यानं काही केलं का तुले?"

"नाई, आजी. मी माह्या मनानं पयून राह्यली."

हे बोलले आणि माझे डोळे भरून आले. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणत होते. रडताना पाहून म्हातारीने विळा या हातातून त्या हातात घेतला, त्यामुळे मला घाईघाईने हसावं लागलं.

"तुह्या मनानं," ती म्हणाली, "मंग हा काऊन मागं होता?"

भाऊजींनी घाईघाईने तीन चहा सांगितले. तिघांनी चहा घेतला, धरणाचं पाणी पाहिलं. परत येताना मी मुकाट्याने गाडीवर बसले, म्हातारीच्या मागे.

घरी आल्यावर हिशेब मांडून पाहिला. कालव्यानंतर मला कोणी सांगत नव्हतं, कोणी बघतही नव्हतं, फक्त ते मला माहीत नव्हतं. हे पळणं माझ्या मनाचं धरायचं का? मी धरलंय. मोबाइलमधली बाई आता दहा किलोमीटरचा कार्यक्रम घ्या म्हणून मागे लागली आहे. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पण सकाळी दुलईत पडल्या पडल्या, ऊब सोडवत नसते तेव्हा, मागून घुरघुर ऐकू येते. बसता का, वहिनी?

"नाई, भाऊजी," मी म्हणते.

"कोनाशी बोलून राह्यली वं?" आमचे हे झोपेतच विचारतात. तोवर मी दाराशी बुटाच्या नाड्या बांधत असते.