होडीघाटावरचे पट्टे

वर्तमानपत्रातली डेस्कची नोकरी सुटल्यावर मी मेहुण्यांच्या धंद्यात गेलो. रस्त्यांवर आणि पार्किंगच्या जागांवर पट्टे मारणे हा तो धंदा. मनीषनगरातल्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यात रंगाचे ड्रम, पट्टे मारायचे एक मशीन, रोलर, खराटे आणि लाईनदोरी. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ते मला कामावरही जावईबापू म्हणत आणि त्याच श्वासात ड्रम उचलायला लावत.

त्या हिवाळ्यात कुही तालुक्यातल्या एका होडीघाटाचे काम मिळाले. धरणाच्या फुगवट्याचे पाणी तिथे गावाला येऊन टेकते. मासेमारांच्या होड्या त्या घाटावरून पाण्यात जातात. रविवारी नागपूरहून आलेल्या लोकांना त्याच होड्या फेरी मारून आणतात. घाटावर नवा डांबरी तळ झाला होता. त्यावर गाड्यांच्या जागा आखायच्या आणि वर्षभर देखभाल करायची: दर सोमवारी झाडलोट, चिखल धुणे, पाण्याच्या कडेचे शेवाळ खरवडणे, झिजलेला पट्टा पुन्हा ओढणे.

नकाशात बेचाळीस गाड्या होत्या. दोन दिवसांत आखणी झाली. दोन टोकांना खिळे ठोकायचे, मध्ये खडूची भुकटी चोळलेली दोरी ताणायची, ती चिमटीत उचलून सोडली की डांबरावर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर मशीन चालते. तळाच्या एका कोपऱ्यातून काँक्रीटचा उतार पाण्यात जातो. उताराच्या तोंडाशी आम्ही तिरप्या पिवळ्या रेघांची चौकट काढली. तिच्यात अक्षरे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. 'गाडी लावू नये'. तीन शब्द, फूटभर उंचीचे. इतकी वर्षे मथळे लिहिल्यावर त्यात सुधारण्यासारखे काही दिसले नाही.

ती चौकट कशासाठी हवी होती ते मासेमार संस्थेच्या अध्यक्षबाईंनी समजावून सांगितले. बाई पन्नाशीच्या, अजून स्वतः होडी वल्हवणाऱ्या. पहाटे पाचला नागपूरहून बर्फ घेऊन टेम्पो येतो. तो उलटा उतारावरून पाण्यापर्यंत जातो, होड्यांतले रोहू-कतल्याचे क्रेट भरून घेतो आणि साडेसहाला निघतो. आठच्या आत मासळी सक्करदऱ्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे पोचली पाहिजे. घाटावरच्या सगळ्या होड्यांचा माल त्या एकाच टेम्पोतून जात होता.

पहिल्या रविवारी सहाच्या सुमारास तीन कार आल्या. बेचाळीस जागा रिकाम्या असताना तिन्ही पिवळ्या चौकटीवर लागल्या. एकीचे पुढचे चाक 'नये'वर होते. टेम्पो खाली पाण्याशी भरून उभा, वर वाट बंद. गाड्यांचे मालक होडीत बसून पाण्याच्या मधोमध पोचले होते, किल्ल्या त्यांच्या खिशात.

बाई काठावरून ओरडल्या, "ओ लाल गाडीवाले! किल्ली घेऊन पान्यात काहून गेले जी?"

होडीतल्या मंडळींनी उठून हात हलवले. त्यांना वाटले, निरोप देताहेत.

टेम्पो सात वीसला निघाला. आम्ही त्या आठवड्यात अक्षरे दुप्पट केली आणि लाल रंगात काढली. पुढच्या रविवारी पाच कार त्याच चौकटीवर लागल्या आणि टेम्पो पावणेआठला निघाला. नऊनंतर बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. व्यापारी शांतपणे बोलत होता.

"बाई, आणखी एक रविवार पाहतो. त्यानंतर टेम्पो पलीकडच्या घाटावर पाठवीन. राग मानू नका. माझं गिऱ्हाईक आठनंतर थांबत नाही."

फोन ठेवल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या अक्षराले कोन भेते जी? नागपूरचा मानूस पेपर वाचते, रस्ता नाई वाचत."

मेहुण्यांनी साखळी लावायचे सुचवले. काम देणाऱ्या सरकारी कार्यालयातून उत्तर आले की उतार सार्वजनिक आहे, तो बंद करता येणार नाही. तिथे उभे राहून गाड्या हाकलायला माणूस नव्हता. त्या वेळी प्रत्येक हात क्रेटला लागलेला असे.

सोमवारी ठरल्याप्रमाणे तळ धुतला. पाणी मारल्यावर पट्टे स्वच्छ झाले आणि एक गोष्ट नजरेस आली. उताराजवळच्या पहिल्या चार जागांचे पट्टे टायरांनी पार खाल्ले होते. लांबच्या रांगेचे पट्टे धुळीखाली नवेकोरे होते. तिथे कोणी फिरकलेच नव्हते. उताराच्या तोंडाशी, पिवळ्या चौकटीच्या कडेने, रुपयाएवढ्या तेलाच्या डागांची एक सरळ ओळ होती. मी डाग मोजले. अकरा.

मेहुणे वाकून पाहत म्हणाले, "हे कारचं तेल नाही, जावईबापू. मोटरसायकलचं आहे."

गुरुवारी सुट्टी होती, म्हणजे नागपूरच्या गाड्या येणारच; त्या पहाटे साडेचारपासून मी घाटावरच्या चहाच्या टपरीशी बसलो आणि कोण केव्हा येते ते लिहून काढले. शनिवारी दुपारी संस्थेच्या ओट्यावर मासेमार जमले. तिथे ती यादी वाचली. चार चाळीस: पहिली मोटरसायकल, उताराच्या तोंडाशी. चार पंचेचाळीस: दुसरी, पहिलीला लागून. पाच दहापर्यंत अकरा, एका ओळीत. पाच पन्नास: पहिली कार, अकराव्या मोटरसायकलीच्या शेजारी. सहा वाजता दुसरी कार, पहिलीच्या शेजारी. म्हणजे चौकटीच्या मधोमध.

त्या अकरा मोटरसायकली समोर बसलेल्यांच्याच होत्या.

एक म्हातारा मासेमार पहिल्यांदा बोलला. चार चाळीसची गाडी त्याची होती. "मंग आता आमच्या घाटावर आमीच लांब गाडी लावाची? आन् जाळं काय डोक्यावर नेऊ?"

"जाळं उतारावर टाक, मंग गाडी नेऊन लाव," बाई म्हणाल्या. "पन्नास पावलं चालाले का झालं गा तुले? नातीच्या लग्नात रातभर नाचला."

"तवा डोळ्यासमोर गाडी होती वं. आता होडीतून गाडी दिसन का मले?"

"तुझी गाडी कोन नेते बाप्पा? तिले तूच ढकलत आनते."

ओटा हसला. म्हातारा हसला नाही. त्याचा खरा मुद्दा दुसरा होता आणि तो त्याने मांडला. आम्ही लांब लावू, नागपूरवाले मोकळी जागा पाहून पाण्यापाशीच घुसतील. मग आमची जागाही गेली आणि टेम्पोची वाटही. या प्रश्नाला माझ्या यादीत उत्तर नव्हते. बाईंकडे होते.

"नाई घुसत," त्या म्हणाल्या. "गावचा मानूस कुठं लावते, थे पाहूनच शहरचा मानूस लावते. अनोळखी गावात एकटी गाडी ठेवाले जीव घाबरते त्याचा. पयले पान्यापाशी लावत, कारन तुमी लावत. एक रविवार लांब लावा. नाई जमलं तर मी स्वतः तुह्या गाडीले इथं आनून उभी करीन."

त्याच संध्याकाळी ऊन उतरायच्या आत आम्ही तळाच्या लांबच्या टोकाला मोटरसायकलींसाठी अकरा अरुंद जागा आखल्या. त्यांना लागून कारची नवीकोरी रांग सुरू होत होती. म्हातारा दोरीच्या एका टोकाशी येऊन बसला. काही वेळाने त्याने विचारले, पहिली जागा कोणती. मेहुण्यांनी दाखवली. तो उठला आणि त्या जागेत उभे राहून त्याने पाण्याकडे पाहिले. त्याची होडी तिथून दिसत होती. मग तो घरी गेला.

रविवारी आम्ही पाचलाच पोचलो. अकराही मोटरसायकली लांबच्या टोकाला, पट्ट्यांच्या आत. त्या एका नजरेत दिसत होत्या. उताराचे तोंड रिकामे होते. बाईंनी सगळ्यांना बजावून ठेवले होते की कोणत्याही गाडीवाल्याला एक शब्द बोलायचा नाही. आज सांगून वळवली, तर उद्या सांगायला माणूस कुठून आणायचा?

पाच पंचावन्नला पहिली कार आली. ती सरळ उताराकडे गेली आणि चौकटीच्या अलीकडे थांबली. खाली टेम्पोत क्रेट चढत होते. बाई क्रेटचे एक टोक धरून होत्या. त्यांनी पदर दातांत धरला. मेहुणे माझ्या दंडाला धरून उभे होते आणि त्यांची बोटे रुतत होती. कारची काच खाली आली. आतल्या माणसाने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, लांब उभ्या मोटरसायकली पाहिल्या. मग गाडी मागे घेतली, वळवली आणि अकराव्या मोटरसायकलीच्या शेजारी, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावली.

दुसरी तिच्या शेजारी लागली. तिसरी तिसऱ्या जागेत. सव्वासहापर्यंत तेरा कार लांबच्या रांगेत ओळीने उभ्या होत्या. पिवळ्या चौकटीवर एक कुत्रा तेवढा झोपला होता.

सहा अठ्ठावीसला टेम्पो उतार चढू लागला. कुत्रा उठून बाजूला झाला. टेम्पो न थांबता चौकट ओलांडून रस्त्याला लागला. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला आणि पाण्यातल्या होड्यांतून आरडाओरडा झाला. म्हातारा वल्हे उंच धरून उभा राहिला. त्याच्या होडीत बसलेल्या नागपूरच्या पाहुण्यांनी काय झाले हे न कळताच टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांनी माझा दंड सोडला. मी घड्याळ पुन्हा पाहिले. ठरलेल्या वेळेआधी दोन मिनिटे.

आठला चार मिनिटे कमी असताना फोन आला. बाईंनी तो मोठा केला. व्यापारी म्हणाला की बर्फ आहे तसा आहे, माल हातोहात चालला आहे, आणि रविवारी झिंगे जास्त मिळत असतील तर तेही सगळे घेईन. मात्र एका टेम्पोत एवढे मावणार नाही. उतारावर दोन टेम्पो उभे राहतील का?

बाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. "दोन पाठवा," त्या म्हणाल्या. "जागा हाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "हाय ना जी?"

मेहुणे टेपचे एक टोक माझ्या हातात देऊन उतारावर धावलेच होते. दोन टेम्पो शेजारी शेजारी, मध्ये माणूस क्रेट घेऊन जाईल एवढी वाट सोडून, बरोबर बसत होते. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली.